आठवा तुकडा

१

किल्लीताईंचं खरं नाव इस्पितळात फार थोड्यांना माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या नोंदी विभागात त्या एकोणीस वर्षं डेटाबेस सांभाळत होत्या. सगळे पासवर्ड त्यांच्याकडे, म्हणून त्या किल्लीताई. "किल्लीताई रजेवर गेल्या की इस्पितळाला कुलूप," असं कोणी म्हटलं की त्या नाक मुरडायच्या, पण मनातून त्यांना ते आवडायचं.

सकाळी नऊला यायचं, पंखा लावायचा, चष्मा पुसायचा आणि संगणकावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची. कुठल्या यंत्राला जोडायचं, कुठल्या दारातून आणि कोणाच्या नावाने, एवढंच त्या ओळीत असे. मग पासवर्ड. तो लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, आंधळेपणाने टाइप करायचं. बोटांना पाठ होता तो. क्षणभर काही घडायचं नाही, आणि मग खालच्या ओळीवर लुकलुकणारी रेघ यायची. जोडले गेलो.

इस्पितळातल्या अठरा लाख रुग्णांच्या नोंदी एका यंत्रात मावत नव्हत्या, म्हणून त्यांचे तुकडे करून ते सात यंत्रांवर ठेवले होते. त्या सातांच्या पुढे एक दारवान. कोणत्या रुग्णाची नोंद कोणत्या तुकड्यात आहे, हे त्या दारवानालाच ठाऊक. एखाद्या तुकड्यावर भार जास्त झाला तर नोंदी इकडून तिकडे हलवायचं कामही तोच करायचा. किल्लीताई रोज त्याला हजेरी विचारत आणि तो सात ओळी छापत असे. सातही 'ठीक' असले की त्या चहाला उठत.

त्या सोमवारी त्या अर्ध्या उठल्या होत्या. मग परत खाली बसल्या.

ओळी आठ होत्या.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवून मोजल्या. पहिल्या सातांना नावं होती, तुकडा एकपासून तुकडा सातपर्यंत. आठव्याला नाव नव्हतं, नुसता पत्त्याचा आकडा होता. तो आकडा इस्पितळातल्या कुठल्याच यंत्राचा नव्हता. आणि पुढे, बाकीच्यांसारखंच, 'ठीक'.

२

मनात शंकेची पाल चुकचुकली ती सरळ एका माणसाच्या नावाने.

इस्पितळातल्या तारा आणि जोडण्या पाहणाऱ्याला सगळे तारवाला म्हणत. चाळिशीचा, गप्पिष्ट, प्रत्येकाच्या मदतीला धावणारा. फार मदत करणाऱ्या माणसांवर किल्लीताईंचा आधीपासूनच फारसा विश्वास नव्हता.

"नवीन यंत्र बसवलंस का रे?" त्यांनी फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी? ताई, मला खुर्चीला चाक बसवायचं तरी तीन सह्या लागतात."

"मग हे आठवं कोणाचं?"

तो पाच मिनिटांत वर आला आणि पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने यंत्र कोणी जोडलं त्याची नोंद काढायला सांगितली. किल्लीताईंनी काढली. रविवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. जोडणाऱ्याचं नाव म्हणून त्यांचंच नाव होतं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "तुम्हीच तर जोडलंय."

रविवारी दुपारी तीनला किल्लीताई घरी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होत्या. समोर आई शब्दकोडं सोडवत होती आणि मधूनच त्यांना उठवून 'उलट अर्थाचा चार अक्षरी शब्द' विचारत होती. हे त्यांना स्पष्ट आठवत होतं. त्यांचा पासवर्ड त्यांच्याशिवाय एकाच ठिकाणी होता, विभागाच्या साहेबांच्या कपाटातल्या लाखबंद पाकिटात.

साहेबांनी कपाट उघडलं. पाकीट जागच्या जागी होतं आणि लाखेला तडाही गेला नव्हता.

मग तिघं यंत्रांच्या खोलीत गेले. तिथे बारा महिने थंडी असायची आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरघर. जाळीच्या कपाटात सात यंत्रं, सात हिरवे दिवे. सातव्याच्या खालचा कप्पा रिकामा होता. तारवाल्याने वाकून आत हात घातला, चाचपला आणि धूळ लागलेली बोटं दाखवली.

"इथे तर कोणी राहत नाही," तो म्हणाला.

"आत्ताच्या आत्ता तोडून टाका ते," किल्लीताई म्हणाल्या.

साहेबांनी मान हलवली. "त्याच्यावर रुग्णांच्या नोंदी गेल्यात. दोनशे बारा. दारवानानेच हलवल्यात. तोडलं तर त्या नोंदीही जातील. उद्या एखाद्याला रक्त चढवायचं असेल आणि त्याचा गटच सापडला नाही तर कोण जबाबदार? शुक्रवारी कंपनीची माणसं येतील. तोवर नुसतं लक्ष ठेवा." आणि जाता जाता, फार काही मनात नसल्यासारखं, ते म्हणाले, "किल्लीताई, पासवर्ड कोणाला सांगितला नव्हता ना?"

एकोणीस वर्षांत असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

३

नुसतं लक्ष ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर त्यांनी काळी खिडकी उघडली आणि दारवानाला बाजूला ठेवून थेट आठव्याच्या पत्त्यावर जोडायची ओळ लिहिली. पासवर्ड मागेल, नाकारेल, मग तो कोणाचा आहे ते तरी कळेल, असा त्यांचा हिशेब.

त्याने पासवर्ड मागितला. त्यांनी आपलाच दिला. त्याने दार उघडलं.

आत दोनशे बारा नोंदी होत्या. त्यांनी रुग्णांच्या घरच्या पत्त्यांवरून नजर फिरवली. सगळे रुग्ण एकाच भागातले. एकाच रस्त्यावरचे. त्यांच्याच रस्त्यावरचे, आणि कितीतरी त्यांच्याच इमारतीतले.

त्यांनी एक नोंद उघडली, वरच्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या निवृत्त पोस्टमास्तरांची. रक्तदाब, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, गुडघ्याच्या गोळ्या. सगळं बरोबर होतं. पण नोंद तिथे संपायला हवी होती, ती संपत नव्हती.

'डाव्या कुशीवर झोपतात. खोकताना आधी दोनदा घसा साफ करतात. जिन्यात पाचव्या पायरीवर थांबतात, कठड्यावर दोन टिचक्या मारतात, मग पुढे चढतात.'

हे कोणत्या डॉक्टरने लिहिलं? त्यांनी लिहिणाऱ्याचं नाव काढलं. जागा कोरी होती. एखाद्या हौशी परिचारिकेने लिहिलं असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. म्हातारी माणसं तपासायला गेली की बोलतात काहीबाही. पण त्यांनी आणखी एक नोंद उघडली, आणखी एक उघडली, आणि प्रत्येकीच्या तळाशी तसल्याच ओळी होत्या. कोण कसं हसतं. कोण दाराला किल्ली लावताना काय पुटपुटतं. कोण कोणाला कुठल्या नावाने हाक मारतं. आजाराबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. कोणीतरी माणसं पाठ करत बसल्यासारखं वाटत होतं.

त्यांनी दारवानाला रीतसर आज्ञा दिली, हा तुकडा रिकामा कर, नोंदी बाकीच्या सातांवर परत ने. त्यात कशालाच धोका नव्हता. उत्तर आलं, 'काम सुरू. शिल्लक २१२.'

दहा मिनिटांनी पाहिलं. शिल्लक २१२.

अर्ध्या तासाने पाहिलं. शिल्लक २१३.

दोनशे तेरावी नोंद त्यांच्या आईची होती.

४

आईच्या मूत्रपिंडांचं दुखणं चार वर्षांचं. आठवड्यातून दोनदा इस्पितळात यावं लागायचं, उद्याही यायचं होतं. नोंदीत ते सगळं होतं. आणि खाली:

'दुपारी एकट्या. शब्दकोडं पेनाने सोडवतात. दार उघडण्याआधी कोण म्हणून विचारतात. आवाज ओळखीचा असला की उघडतात.'

त्यांनी घरी फोन लावला. पाच वेळा वाजला.

"काय गं?" आईचा आवाज.

"काही नाही. कडी लावलीयेस ना?"

"लावलीय की. का? चोर सुटलेत का गावात?"

"कोणी आलं तरी उघडू नकोस. कोणी म्हणजे कोणीही. ओळखीचं असलं तरी."

"बरं बाई. तुला जेवायला वेळ मिळाला का? आवाज असा का येतोय तुझा?"

आईची बुद्धी वस्तऱ्यासारखी होती. तिच्यापासून काही लपवायचं तर फोन ठेवणंच बरं.

तारवाला दारात उभा होता. त्याने किती ऐकलं कोण जाणे. "मी एक गोष्ट मोजून पाहिली," तो म्हणाला. "त्या आठव्याला हाक मारली की उत्तर यायला किती वेळ लागतो, ती. आपली सात यंत्रं एका मिलिसेकंदाच्या आत ओ देतात. भिंतीपलीकडेच आहेत ना. आठवं घेतं तीस. म्हणजे इमारतीत नाही. पण फार लांबही नाही, शहरातच आहे. तुमच्या घरून तुम्ही इस्पितळाला जोडता ना कधी सुट्टीत? तेव्हाही बरोबर तीसच लागतात."

"माझं घर मध्ये कुठून आणलंस?"

"उदाहरण दिलं, ताई."

किल्लीताईंना आठवलं. गेल्याच महिन्यात घरचं वायफाय नीट चालत नव्हतं आणि ते दुरुस्त करायला हाच आला होता. आपणहून. तासभर होता. त्या स्वतः तेव्हा कामावर होत्या आणि घरात आई एकटी होती. सगळं एकदम जागेवर बसलं. पाकीट फोडायची गरजच काय? यंत्र त्यांच्याच घरात बसवायचं, त्यांच्याच जोडणीतून पासवर्ड उचलायचा आणि नाव त्यांचं पुढे करायचं. ओळींचं काय, म्हातारीला दोन प्रश्न विचारले की ती इमारतभर सगळ्यांचं सांगते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मनातून त्यांना जवळजवळ हायसं वाटलं. चोर माणूस असला की बरं असतं.

"डोकं दुखतंय," त्या म्हणाल्या. त्यांनी लॅपटॉप पिशवीत टाकला आणि निघाल्या.

५

अडीच वाजता रस्ता उन्हात रिकामा पडला होता. इमारतीच्या जिन्यात पोस्टमास्तर पुढे चालले होते. पाचव्या पायरीवर ते थांबले. कठड्यावर दोन टिचक्या वाजल्या. वीस वर्षं शेजारी राहून किल्लीताईंनी ही लकब कधी पाहिली नव्हती. की पाहिली होती, आणि लक्षात घेतली नव्हती?

"आज लवकर?" ते म्हणाले आणि घसा दोनदा साफ करून खोकले.

"हो, जरा काम होतं."

ते वर गेले. किल्लीताईंनी आपल्या दाराची घंटा वाजवली. आई "कोण?" म्हणत चालत येईपर्यंत वरून पोस्टमास्तरांचं दार लागल्याचा आवाज आला. आणि खाली, जिन्यात, कोणीतरी थांबलं. दोन टिचक्या वाजल्या. मग पावलं वर येऊ लागली.

त्यांनी वाकून पाहिलं नाही. दुसरं कोणी असेल, असं म्हणत त्या घाईने आत शिरल्या आणि कडी लावली.

"साहेबांनी हाकललं की काय?" आई हसली. हातात पेन होतं.

"आई, तो वायफायवाला आला होता ना गेल्या महिन्यात, तो घरात कुठे कुठे फिरला?"

"फिरला कुठे? या बाहेरच्या खोलीतच बसून होता बिचारा. चहा घेतला नि गेला. मी समोरच होते. आतल्या खोलीत त्याने पाऊलसुद्धा टाकलं नाही."

किल्लीताई आतल्या खोलीत गेल्या, पलंगावर लॅपटॉप उघडला आणि जोडणीची ओळ लिहिली. इस्पितळातल्या सातांना हाक मारली. उत्तरं आली, तीस मिलिसेकंदांत. बरोबर, शहर ओलांडायला तेवढा वेळ लागणारच. मग आठव्याला हाक मारली.

एकाहून कमी.

म्हणजे इथेच. घरातच. त्यांच्या अंगात बळ संचारलं. त्यांनी पलंगाखाली पाहिलं, कपाटावर पाहिलं, माळ्यावरची पेटी उतरवली, टीव्हीमागची प्रत्येक तार हाताने ओढून टोकापर्यंत नेली. आई चष्म्यावरून बघत होती. "काय हरवलंय ते तरी सांग." कुठेही काही नव्हतं. शेवटी त्यांनी वायफायच्या डबीची वायरच भिंतीतून उपटली. डबीवरचे दिवे गेले.

आत येऊन पाहिलं. इस्पितळाची जोडणी तुटली होती, सातही गप्प होते. असंच व्हायला हवं होतं.

आठव्याची रेघ अजून लुकलुकत होती.

त्यांनी हाक मारली. उत्तर आलं, मघापेक्षाही लवकर. लॅपटॉपचा वायरलेस बंद केला. तरी आलं. मग ते लॅपटॉपच्याच पोटात असेल, त्यांनी स्वतःला समजावलं, काहीतरी आत लपवून ठेवलं असेल, यंत्र आपल्याच आवाजाला आपणच ओ देत असेल. त्यांनी तेही तपासलं. पत्ता लॅपटॉपचा नव्हता.

फोन उचलून त्यांनी तारवाल्याला लावला आणि एका दमात सगळं सांगितलं, त्याच्यावर घेतलेल्या संशयासकट.



"ताई," तो म्हणाला, "तार नाही, वायफाय नाही, तर उत्तर कुठून येणार? येऊच शकत नाही." त्याचा श्वास ऐकू येत होता. "त्या घरातून बाहेर पडा. आईंना घ्या आणि बाहेर पडा. मी निघतोय. आणि ऐका, आता त्याला आणखी काही विचारू नका."

घाबरल्याचं सोंग असं जमत नाही. सकाळपासून ज्याच्यावर बोट रोखलं होतं, तो माणूस त्यांच्यासाठी घाबरला होता. त्यांना स्वतःची लाज वाटायला हवी होती. पण त्यांना भीती वाटली ती संशयाला टेकायला जागाच उरली नाही याची.

६

लॅपटॉप मिटायला त्या वाकल्या, तेव्हा पडद्यावर शिल्लक २१४ दिसत होती.

पाहायचं नाही असं ठरवूनही त्यांनी नोंद उघडली. नोंद त्यांची होती. वरचं सगळं नेहमीचं, चष्म्याचा नंबर, जुनं बाळंतपण, एकदा मोडलेलं मनगट. खालच्या ओळी मात्र त्या बघत असतानाच उमटत होत्या, एकेक अक्षर, कोणीतरी सावकाश टाइप करत असल्यासारख्या.

'सगळे किल्लीताई म्हणतात. आई हाक मारते तेव्हा नाव अर्धंच घेते. उजवा खांदा किंचित खाली. दमली की चपला दाराशी न काढता खोलीपर्यंत येते. पाणी दोन घोटांत पिते. "आई" म्हणताना शेवट लांबवते.'

रेघ थोडा वेळ लुकलुकली. मग एकच शब्द आला.

'पुरेसं.'

आणि जोडणी आपोआप तुटली. काळ्या खिडकीत काही उरलं नाही.

बाहेरच्या खोलीत आई बोलत होती.

आधी त्यांना वाटलं, फोनवर असेल. पण घरचा फोन तर आतल्याच खोलीत, त्यांच्यासमोर होता. आईचा आवाज मऊ होता, रोज संध्याकाळी त्या घरी आल्या की असायचा तसा. "बस गं जरा. किती दमलीस. केव्हाची आत काय धुंडाळत होतीस? घे, पाणी पी."

दुसऱ्या कोणाचा आवाज आला नाही. नुसता पाण्याचा घोट ऐकू आला. मग दुसरा. मग पेला टेबलावर ठेवल्याचा.

आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत जायला सात-आठ पावलं लागायची. किल्लीताईंना ती फार लांब वाटली. दाराच्या चौकटीत त्या उभ्या राहिल्या. आई खिडकीपाशी तिच्या जागेवर बसली होती, कोडं मांडीवर होतं. समोरची खुर्ची भिंतीच्या कोपऱ्यामुळे निम्मी झाकलेली होती. दिसत होती ती फक्त खुर्चीच्या हातावर ठेवलेली बाही, त्यांनी सकाळी घातली होती त्याच रंगाची, आणि किंचित खाली झुकलेला उजवा खांदा. पायात चपला होत्या.

"आई," किल्लीताई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

खुर्चीतून कोणीतरी त्याच क्षणी म्हणालं, "आई." शेवट लांबवून, अगदी घरच्यासारखं.

आईने आधी खुर्चीकडे पाहिलं. मग मान वळवून दाराकडे पाहिलं. तिने चष्मा नाकावर वर सरकवला आणि किल्लीताईंना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, सावकाश, कोड्यातला चुकलेला शब्द शोधावा तसं. कपाळावरची आठी तशीच राहिली. खुर्चीच्या हातावरच्या त्या बाहीवर तिने आपला हात ठेवला आणि घट्ट धरला.

मग, दारात आलेल्या परक्या बाईशी बोलावं तशा सभ्य आवाजात, तिने विचारलं, "कोण हवंय तुम्हाला?"